वाकलेल्या पाठीचं माप

सरळ पाठीच्या माणसांवर माझा आधीपासूनच राग आहे. त्यांचा कोट कोणीही शिवेल, त्यात शिंप्याचं काय कौतुक? शिंप्याची परीक्षा होते ती वाकड्या माणसावर. एक खांदा खाली, मान पुढे, पाठीला पोक, असं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मला हुरूप येतो. पोक आलेल्या माणसाला पाठीचा भाग लांब कापायचा, पुढचा आखूड, काखेत थोडं सैल सोडायचं. मग कोट चढवून त्याला आरशासमोर उभं केलं की तो स्वतःच म्हणतो, "अरे, मी बरा दिसतो की!" पोक तिथंच असतं, फक्त दिसत नाही. अठ्ठावीस वर्षं मी हेच करत आलोय आणि त्याचा मला अभिमान होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. निदान धंद्यात मी हुशार आहे, एवढं तरी लक्षात असू द्या.

माझ्या बायकोची पाठ सरळ होती. लग्नाआधी ती ड्रेस शिवायला दुकानात आली, तेव्हा मापं घेताना मी मनात म्हटलं होतं, हिच्यात शिवणाऱ्याला काही कामच नाही. तरी लग्न केलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. रोगट भाग काढून टाकला आणि उरलेल्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, बाहेर आणून शिवलं. याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची. शौच होते ती त्या पिशवीत. "हे आता कायमचं," डॉक्टर म्हणाले, "पण जीव वाचला." मला तेवढं पुरे होतं, हे मी मनापासून सांगतो. बाकीचं काय, शिवून-टाचून भागवता येईल असं वाटलं होतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पिशवी सुटली आणि चादर खराब झाली. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी चादर बदलली, गादी पुसली, तिला चहा करून दिला, आणि खाली दुकानात जाऊन सगळी कामं बाजूला सारून तिच्यासाठी एक पट्टा शिवला. अंगाच्या रंगाचं ताणणारं कापड, दुहेरी अस्तर, मागे हुकांच्या तीन ओळी. शिलाई इतकी सपाट, की ड्रेसवरून बोट फिरवलं तरी लागू नये. पोटावर आवळला की आतली पिशवी चपटी. तिला आरशासमोर उभं केलं आणि म्हणालो, "बघ. आता कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिनं पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. "छान झालाय," म्हणाली.

त्या दिवसापासून सकाळी उठल्यापासून रात्री पडेपर्यंत तो पट्टा तिच्या पोटावर असायचा. आणि त्या दिवसापासून तिचं पोट मी पाहिलं नाही. पिशवी बदलायला ती न्हाणीघरात जायची, आतून कडी लावून. एकदा मी दाराबाहेरून विचारलं, "मदत करू का?" आतून "नको" असं आलं. मला जरा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सहा-सात महिन्यांनी तिची कंबर दुखायला लागली. ती ग्रंथालयात काम करते, सकाळपासून दोनपर्यंत. परत आलेली पुस्तकं खालच्या फळीवर लावायला वाकली की तिला वर येता येईना. खुर्चीतून उठताना टेबल धरायची. रात्री पलंगाच्या अगदी कडेला, माझ्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची आणि सकाळी पाय जमिनीला टेकवताना तोंडातून आवाज निघायचा. मी काय काय नाही केलं! गादी कडक आणली. मलम चोळतो म्हटलं, तर "तुमच्या हाताला वास राहील, गिऱ्हाइकाच्या कापडाला लागेल," म्हणून तिनं टाळलं. शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, तेव्हा म्हणाली, "आणखी एक पिशवी!" मी हसलो. ती नाही हसली.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं तिला व्यायामाच्या वर्गाला धाडलं. तिथल्याच तळमजल्यावरचा हॉल, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता. फक्त पोटावर पिशवी असलेल्यांसाठी. "पोटाचे स्नायू कापले की पाठीवर सगळा भार येतो, तिथं बऱ्याच जणांना कंबरदुखी आहे," असं नर्स म्हणाली, हे बायकोनं मला सांगितलं. मी म्हटलं, "जाऊन बघ." म्हणजे पायावर धोंडा मीच मारून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात ती घरी आली तीच हसत. जिन्यातून हसण्याचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं सोबत कुणीतरी आहे. एकटीच होती.

"काय झालं?"

"काही नाही हो. ते पोस्टमन आहेत ना, ते म्हणतात, आयुष्यभर पिशवी खांद्यावर वाहिली, आता पोटावर. बढती मिळाली म्हणतात!"

"कोण पोस्टमन?"

"आहेत एक वर्गात. रिटायर झालेत. ते व्यायाम घेणाऱ्या बाईंना मदत करतात, नवीन माणसांना शिकवायला."

त्यानंतर पोस्टमन आमच्या घरात राहायलाच आला म्हणा ना. पोस्टमन म्हणतो, खाली पडलेलं उचलताना गुडघे वाकवायचे. पोस्टमन म्हणतो, खोकला आला की पिशवीवर तळहात ठेवायचा. पोस्टमन रोज पाच किलोमीटर चालतो. पोस्टमनची पाठ, अहो, या वयात, अगदी फूटपट्टी! मी घास गिळत होतो आणि ऐकत होतो. सरळ पाठीच्या माणसांबद्दल माझं मत मी आधीच सांगितलंय.

दुकानात काजं-बटणं करायला एक मावशी येतात. सत्तरी उलटली, पण सुईत दोरा एका दमात ओवतात आणि त्यांच्या जिभेला माझ्या मोठ्या कात्रीपेक्षा धार आहे. त्या म्हणाल्या, "बायकोची पाठ दुखायची थांबली आणि तुमचं पोट दुखायला लागलं का हो?"

"मला कशाला दुखेल?"

"तेच म्हणते मी. कशाला बरं?" आणि दात दाखवून पुन्हा काज करायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मावशींना बोलून कोण जिंकलंय?

मग त्या निळ्या ड्रेसची गोष्ट झाली. थंडीच्या आधी मी तिला एक निळा ड्रेस शिवला होता, तो माझ्या हातचा उत्तम ड्रेस. एका शुक्रवारी तो घालून ती वर्गाला निघाली आणि दुकानाच्या दारात थांबली. "अहो, हा मागून फुगतोय बघा. जरा आत घ्याल का?"

मी पाहिलं. खांद्यांच्या मध्ये कापड गोळा झालं होतं, आणि पुढून घेर वर उचलला गेला होता. असा कपडा मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही.

ती गेल्यावर मी मापांची वही काढली. तिचं पान उघडलं. ऑपरेशनच्या आधी पाठीची उंची साडेपंधरा. त्यानंतरच्या ड्रेसला पावणेसोळा. मग सोळा. निळ्या ड्रेसला सव्वासोळा. आणि पुढची उंची एक इंचानं कमी झालेली, तीही हप्त्याहप्त्यानं. सगळं माझ्याच अक्षरात. ती वाकत गेली होती आणि मी दर ड्रेसला पाव इंच पाठ वाढवत गेलो होतो. आज ड्रेस फुगला याचा अर्थ शिंप्याला सांगावा लागत नाही. ती सरळ झाली होती.

आता कोणत्याही शहाण्या नवऱ्याला आनंद झाला असता. मला काय झालं? मला वाटलं, कुणासाठी? दीड वर्ष मी गाद्या बदलल्या, मलमं आणली, तेव्हा पाव इंच हलली नाही, आणि तो पत्रं वाटणारा माणूस दोन महिन्यांत पाऊण इंच मिळवतो! मनात पाल चुकचुकली ती तिथं. मावशींना मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या खालमानेनं पुटपुटल्या, "बाईमाणूस ताठ चालायला लागली, की चार लोकांना त्रास होतोच."

पुढच्या मंगळवारी ती गेल्यावर मी वर घरी गेलो. काय शोधत होतो मला माहीत नाही. कपाट उघडलं. टॉवेलांच्या खाली, घडी घालून, माझा पट्टा ठेवलेला होता.

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे माझ्यासमोर ती तो पट्टा बांधून वावरते, आणि त्याच्याकडे जाताना काढून ठेवते! मी पट्टा कागदी पिशवीत टाकला, दुकान मावशींवर सोडलं आणि निघालो. मनात म्हणत होतो, विसरलीस म्हणून आणून दिला, बस. नवऱ्यानं एवढं करू नये का? पण चालताना माझ्या मुठी आवळलेल्या होत्या.

तळमजल्यावरच्या त्या हॉलच्या दाराला वीतभर काच आहे. मी काचेतून पाहिलं.

आठ माणसं सतरंज्यांवर उताणी पडली होती, गुडघे वर करून. कुणाचा शर्ट वर घेतलेला, कुणाचं पोट उघडं. व्यायामाच्या बाई मधून फिरत होत्या. "श्वास सोडा. पोट हळू आत घ्या. कंबर जमिनीला लावा. घाई नाही." प्रत्येकाचा एक तळहात आपापल्या पिशवीवर. माझी बायको खिडकीजवळ होती. तिचं पोट मी दोन वर्षांनी पाहिलं, दवाखान्याच्या काचेतून, परक्या सात जणांबरोबर. कातडीच्या रंगाची एक पिशवी, माझ्या तळहाताहून जरा मोठी. बस, एवढीच. मी काय काय कल्पना केल्या होत्या!

तेवढ्यात कुणाच्या तरी पिशवीतून वाऱ्याचा चांगला खणखणीत आवाज आला. आमच्या घरी असं झालं असतं, तर ती उठून आत गेली असती आणि मी बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं असतं. इथं कोपऱ्यातला म्हातारा ओरडला, "टपाल आलं!" आणि सगळे हसायला लागले. माझी बायको इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. आवाज तिच्याच पिशवीतून आला होता.

मग ते उठून भिंतीशी उभे राहिले. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला टेकवून. टपालवाला तिच्याजवळ गेला, दोन बोटं तिच्या खांद्याला लावली आणि काहीतरी म्हणाला. ती उभी राहिली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं तशीच. त्या दोन बोटांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाच्या बंगल्या-गाडीचा वाटला नसेल.

मी दार ढकललं आणि आत गेलो.

आणि आठही माणसं वाकली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी शर्ट ओढला, कुणी टॉवेल घेतला, कुणी नुसतेच दोन्ही हात पोटावर आणून खांदे पुढे घेतले. तो फूटपट्टी पोस्टमनसुद्धा वाकला. सगळ्यात आधी वाकली ती माझी बायको. मी कोण ते बाकीच्यांना माहीत नव्हतं, तिला होतं.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. मी कागदी पिशवीतून पट्टा काढला आणि सगळ्यांसमोर वर धरला. "हा घरी राहिला होता," मी म्हणालो.

बाई पुढे आल्या, त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, ताणून पाहिला. "हा तुम्ही शिवलात? फार सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखा जरा फुललो. "किती वेळ घालतात त्या?"

"दिवसभर."

"दोन वर्षं?"

"हो."

बाईंनी मान हलवली. "आधाराचे पट्टे असतात, पण ते माप घेऊन, नर्सला विचारून, ओझं उचलताना वगैरे. हा इतका घट्ट आहे की पोटाच्या स्नायूंना कामच उरत नाही. ते सुस्तावले की कंबर दुखणार. शिवाय पिशवी दाबली जाते, मग ती सुटेल या भीतीनं माणूस पुढे वाकूनच बसतं." त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही बाहेर थांबता का?"

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं पोस्टमन आला. शर्ट नीट खोचलेला, पुन्हा ताठ. जवळून पाहिला तर सामान्य माणूस होता, कानांवर केस, दाढीचे खुंट राहिलेले. भांडायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं, तरी मी उठून उभा राहिलो.

"एकतीस वर्षं टपाल वाटलं मी," तो म्हणाला. "दार वाजवल्याशिवाय एक पत्र दिलं नाही कधी."

एवढंच बोलला आणि आत गेला. त्याच्या जागी मी असतो तर दोन शिव्या दिल्या असत्या. तो माझ्यापेक्षा बरा माणूस निघाला, याचाही मला रागच आला.

घरी येताना ती माझ्या पुढे दोन पावलं चालत होती, वाकून, एक हात पोटावर. तोच निळा ड्रेस आता तिच्या अंगावर अगदी चपखल बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही. मला बघवेना.

वर आल्यावर ती खुर्चीत बसली. मी उभाच होतो.

"त्याच्यासमोर सरळ उभी राहतेस," मी म्हणालो. "माझ्यासमोर का नाही?"

"त्यांना पिशवी आहे."

"मला नाही, हा माझा गुन्हा आहे का?"

"नाही." तिनं जरा विचार केला. "तुम्ही तो पट्टा शिवलात ना, तेव्हा काय म्हणालात आठवतं? आता कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो."

"माहितेय मला. वाईट बोलला असतात तर मी भांडले असते. तुम्ही इतक्या प्रेमानं झाकलंत, की मला वाटलं हे झाकायचंच असतं. मग तुमच्यापासून आधी झाकलं."

"मी कधी तोंड वाकडं केलं? कधी घाण म्हटलं?"

"नाही हो. पण 'दाखव' असं तरी कुठं म्हणालात?"

तिच्या कंबरेत कळ आली असावी, तिनं खुर्चीचा हात धरून जागा बदलली. मग मान वर न करता विचारलं, "एक सांगा. दर ड्रेसला तुम्ही पाठ वाढवत होतात. मी वाकतेय हे तुम्हाला कळत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. वही खाली दुकानात होती.

"हो."

"दुखतंय म्हणून वाकतेय, हेही?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

खरं उत्तर एकच होतं आणि ते माझ्या तोंडून निघालंही. "ड्रेस छान बसत होता."

त्या दिवशी ती रडली असती तर मी समजूत काढली असती, ते मला येतं. ती रडली नाही. उठून, टेबल धरून, न्हाणीघरात गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

पुढचे काही दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पट्टा तिनं पुन्हा बांधला नाही, पण माझ्यासमोर सैल गाऊन घालून, हात पुढे घेऊनच वावरायची. एका सकाळी ती खिडकीपाशी भिंतीला टेकून व्यायाम करत होती. मी चहाचे कप घेऊन आलो, आणि तिचे खांदे मिटले. ठरवून नाही, आपोआप.

"मी मुद्दाम करत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही आलात की होतं."

"मी जातो."

"जाऊ नका." मग कप हातात घेत, "पण आज नाही जमायचं."

त्या दुपारी मी कापड काढलं. हिरवं, जरा जड पडणारं. मापं घेतो म्हणायची माझी हिंमत नव्हती. वहीत तिचं दोन वर्षांपूर्वीचं माप होतं, साडेपंधरा इंच पाठीचं, पण तेही घेववेना, कारण ते माप आता तिचं नव्हतं. शेवटी काचेतून जे पाहिलं होतं तेच आठवून खडूनं रेघ मारली. अठ्ठावीस वर्षांत नुसत्या नजरेच्या मापावर मी एक रुमालही कापला नव्हता. पोटावर कापड सैल सोडलं, पिशवी भरली तरी तिला जागा राहील इतकं. मावशी चष्म्यावरून बघत होत्या. "सरळ माणसाचा दिसतोय," त्या म्हणाल्या. "कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा," मी म्हणालो. त्यांनी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही, आपणहून गळ्याचं काज करून दिलं.

शुक्रवारी साडेचारला ती तो ड्रेस घालून खाली आली. दुकानातल्या आरशासमोर उभी राहिली, मी मागे. तिनं मला आरशात पाहिलं आणि खांदे गेले पुढे. ड्रेस मागून वर चढला, पुढे पोटावर आडव्या चुण्या पडल्या. कुठल्याही शिकाऊ माणसानं याहून बरा शिवला असता.

"बिघडला वाटतं," ती हळूच म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "शिवलाय तो बरोबर शिवलाय."

तिला समजलं. तिनं सरळ व्हायचा प्रयत्न केला, खरंच केला, मी आरशात पाहत होतो. मान वर आली, एक खांदा मागे गेला. दुसरा जाईना. तिच्या कपाळावर घाम आला. मी म्हणालो, "उशीर होईल तुला, नीघ." ती "बरं" म्हणाली आणि दारातून बाहेर पडली.

मी दाराशी गेलो, पण बाहेर नाही. आतूनच बघत राहिलो. औषधाच्या दुकानापर्यंत ती तशीच वाकून गेली. तिथून पुढे रस्ता मोकळा आहे, समोर ओळखीचं कुणी नसतं. तिथं तिचा हात पोटावरून खाली आला. मग खांदे मागे गेले, आधी एक, मग दुसरा. पाठीवरचं हिरवं कापड मानेपासून खालपर्यंत एका रेघेत उतरलं. मी जन्मात इतका नीट बसलेला कपडा शिवला नव्हता.

"काय बसलाय हो!" मावशी माझ्या मागून म्हणाल्या. "समोरून कसा दिसतो?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला अजून दिसलेला नाही."